केस काढू की राहू देऊ? मांडव्याच्या पाण्यात उतरण्याआधी

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकलं. त्याची वेळ २२.४७ सेकंद होती आणि तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची २२.४६. त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराइतकं अंतर. पदक आणि चौथा क्रमांक यांच्यात एवढंच अंतर उरतं तिथे जगभरचे जलतरणपटू मोठ्या शर्यतीआधी हातापायांवरचे, छातीपाठीवरचे केस काढून टाकतात, यात नवल नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटूंनी हे केलं आणि त्यानंतर ती रीतच पडली.

ही रीत आता आपल्या किनाऱ्यावरही पोचली आहे. दिवाळी सरून समुद्र निवळला की मांडवा, रेवस, किहीम या पट्ट्यात खुल्या पाण्यात पोहणाऱ्यांची लगबग सुरू होते. कुणाला मुंबई बंदरातल्या संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे ५ किलोमीटरचं अंतर मारायचं असतं, कुणी एलिफंटा ते गेटवे हे १४ किलोमीटरचं अंतर डोळ्यांपुढे ठेवलेलं असतं, आणि जिद्दीची मुलं धरमतर ते गेटवे या ३६ किलोमीटरच्या तयारीत असतात. धरमतरच्या खाडीतून निघालेला पोहणारा रेवस आणि करंजा मागे टाकून मोकळ्या पाण्यात येतो, तेव्हा मांडवा त्याच्या डाव्या हाताला असतं. शर्यत आठवड्यावर आली की मुलं आणि त्यांच्याइतकेच त्यांचे आईवडील हमखास विचारतात, ‘अंगावरचे केस काढून टाकले तर वेळ कमी लागेल का?’

माझं उत्तर असं आहे. तलावातल्या शर्यतीत फायदा होतो आणि तो मोजून दाखवलेला आहे. मांडव्यासारख्या समुद्रात मात्र तो फायदा इतर गोष्टींपुढे फारच लहान ठरतो आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीने केस काढले तर नुकसान मोठं होतं. समुद्रात उतरणाऱ्याने केसांपेक्षा त्वचेची काळजी आधी करावी. हे का म्हणतो, ते समजून घेतलं तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

आधी तलावाचं पाहू. पाणी हवेच्या साधारण आठशेपट दाट असतं, त्यामुळे पाण्यात पुढे जाणाऱ्या शरीराला होणारा अडथळाही तसाच मोठा असतो. या अडथळ्याचे तीन भाग असतात. एक शरीराच्या आकारामुळे होणारा, दुसरा शरीर पुढे ढकलतं त्या लाटेचा आणि तिसरा त्वचेवरून सरकणाऱ्या पाण्याच्या घर्षणाचा. केसांचा मुख्य संबंध या तिसऱ्याशी. अमेरिकेत रिक शार्प आणि डेव्हिड कॉस्टिल यांनी १९८९ मध्ये याविषयीचा एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ पुरुष जलतरणपटूंनी हात, पाय आणि पोहताना उघड्या राहणाऱ्या धडावरचे केस काढले, चौघांनी काढले नाहीत. केस काढण्याआधी आणि नंतर ब्रेस्टस्ट्रोकने सुमारे ३६६ मीटर पोहायला लावून त्यांची मापं घेतली. केस काढलेल्यांच्या रक्तातलं लॅक्टेट ८.४८ वरून ६.७४ वर आलं, ऑक्सिजनचा वापर मिनिटाला ३.६० लिटरवरून ३.२७ लिटरवर आला आणि एका स्ट्रोकमध्ये कापलेलं अंतर २.०७ मीटरवरून २.३१ मीटर झालं. केस न काढलेल्या चौघांच्या मापांत फरक पडला नाही.

याच प्रयोगाचा आणखी एक भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जलतरणपटूंना दोरीने बांधून एकाच जागी पोहायला लावलं, तेव्हा केस असोत वा नसोत, शरीराला पडणारे कष्ट सारखेच निघाले. म्हणजे केस गेल्याने स्नायूंची ताकद वाढत नाही आणि फुप्फुसंही अधिक काम करू लागत नाहीत. शरीर पाण्यातून पुढे सरकतं तेव्हाच फरक पडतो. भिंतीला लाथ मारून नुसतं सरळ तरंगत जाताना, केस काढलेल्यांचा वेग अधिक सावकाश कमी होत गेला. फायदा पाण्याच्या घर्षणातूनच येतो, हे यावरून कळतं.

तरीही या आकड्यांना मर्यादा आहेत. नऊ जण म्हणजे फार मोठी संख्या नव्हे. शिवाय आपले केस काढलेले आहेत हे प्रत्येकाला ठाऊकच असतं, त्यामुळे मनाचा परिणाम बाजूला काढता येत नाही. आणि तलावावर ज्याला ‘शेव्ह केल्यावर दोन सेकंद गेले’ असं म्हणतात, त्या दोन सेकंदांत विश्रांतीचा वाटा मोठा असतो. जाणता प्रशिक्षक मोठ्या शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करत आणतो. रोजचं अंतर निम्म्यावर येतं, झोप वाढते, खांदे मोकळे होतात. केस काढले जातात ते या काळाच्या अगदी शेवटी. श्रेय मात्र सगळं वस्तऱ्याला मिळतं. ज्या मुलाने विश्रांतीचे आठवडे नीट पाळले नाहीत, त्याला केस काढून फारसं काही मिळणार नाही, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यावं.

केस काढल्यावर पाणी वेगळं लागतं, हा अनुभव मात्र खरा आहे. वस्तरा फिरला की केसांबरोबर त्वचेवरचा मृत पेशींचा पातळ थरही निघतो. दुसऱ्या दिवशी तलावात उडी घेतली की पाणी थेट कातडीवरून सरकताना जाणवतं, हाताचा पंजा पाणी कुठे पकडतोय आणि कुठे सोडतोय ते जास्त स्पष्ट कळतं. म्हणूनच मुरलेले जलतरणपटू वर्षभर केस वाढू देतात आणि वर्षातून एकदा किंवा दोनदा, मुख्य स्पर्धेपुरतेच काढतात. दर महिन्याच्या क्लबच्या शर्यतीला केस काढणाऱ्याला हा बदल जाणवेनासा होतो.

हे स्वतःवर तपासून पाहायचं असेल तर तलावात एक सोपी चाचणी करता येते. केस काढण्याआधी, चांगली विश्रांती झालेली असताना, भिंतीला पाय लावून पाण्याखाली साधारण हातभर खोलीवर जोरात ढकला. दोन्ही हात डोक्यापुढे जुळवलेले, पाय एकत्र, लाथ अजिबात मारायची नाही. शरीर थांबेल तिथे डोक्याची जागा मित्राला काठावर खडूने नोंदवायला सांगा. पाच-सहा वेळा करा आणि मधला आकडा धरा. केस काढल्यावर त्याच तलावात, त्याच चड्डीत, तेवढ्याच ताज्या अंगाने पुन्हा करा. फरक हातभर पडला तर तुमच्यासाठी अर्थ आहे. बोटभरही पडला नाही, तर तुमचं लक्ष डोक्याची स्थिती आणि कमरेची पातळी यांकडे हवं. कंबर बुडत असेल तर त्यामुळे होणारा अडथळा केसांच्या कितीतरी पट असतो, आणि तो सुधारायला वस्तरा लागत नाही.

पोशाखाचाही इथे संबंध आहे. २००८-०९ च्या सुमारास अंगभर पोशाख घालून विक्रमांवर विक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून जागतिक जलतरण संघटनेने ते बंद केले आणि तलावातल्या शर्यतीत पुरुषांना कंबर ते गुडघा एवढाच पोशाख उरला. उघडं अंग वाढलं, म्हणून केस काढण्याला पुन्हा महत्त्व आलं. समुद्रातल्या स्पर्धांचे पोशाखाचे नियम वेगळे असतात आणि लांब पल्ल्याच्या काही मोहिमांत ते फार कडक असतात. म्हणून आधी आयोजकांचं नियमपत्र वाचा. घोट्यापर्यंतचा पोशाख चालत असेल तर पायांवरच्या केसांचा प्रश्नच उरत नाही.

आता मांडव्याकडे येऊ. तत्त्वतः घर्षण समुद्रातही कमी होईलच, ते मी नाकारत नाही. पण आपल्या सरावातला पोहणारा समुद्रात तासाला तीनेक किलोमीटर जातो. मांडव्यापुढचं पाणी मुंबई बंदराच्या तोंडाचं. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि तेवढं पाणी सहा तासांत आत यायचं किंवा बाहेर जायचं म्हणजे ओढ किती असेल, ते इथल्या कोळी बांधवांना विचारा. समोरून तासाला एक किलोमीटरचा प्रवाह आला तरी तुमचा तिसरा हिस्सा वेग गेला, आणि तोच प्रवाह पाठीशी घेतला तर तेवढा वेग फुकट मिळाला. म्हणून लांबचं पोहणं भरती-ओहोटीचं गणित मांडून, कधी मध्यरात्री, कधी पहाटे काळोखात सुरू करतात. सोबतच्या होडीवरच्या तांडेलाने दिशा थोडी चुकवली तर त्यातच अर्धा तास जातो. खाणं-पिणं वेळेवर झालं नाही तर शेवटच्या तासात हात उचलत नाहीत. या सगळ्यापुढे पायावरचे केस किती सेकंद वाचवतील, याचा हिशोब करण्यात हशील नाही. भांगाचे दिवस निवडणं आणि जाणकार होडीवाला मिळवणं, यात तुमचा खरा वेळ वाचतो.

वेळेपेक्षाही मोठा प्रश्न त्वचेचा आहे, आणि तो केस काढण्याशी थेट जोडलेला आहे. खारं पाणी आणि सतत घासणारी कातडी यांचं वैर आहे. त्याचं ठरलेलं ठिकाण म्हणजे हनुवटी आणि खांदा. श्वास घेण्यासाठी मान वळवली की हनुवटी खांद्याच्या पुढच्या कडेवरून घसटत जाते. ही क्रिया तासाला शेकडो वेळा होते. दाढीचे खुंट दोन दिवसांचे असतील तर ते खांद्यावर ब्रशासारखे फिरतात. पहिल्या तासात काहीच कळत नाही. दुसऱ्या तासात खांद्यावर रुपयाएवढा लाल डाग उठतो, मग वरची कातडी सोलून निघते आणि प्रत्येक श्वासाला मीठ झोंबतं. पोहणारा नकळत मान कमी वळवायला लागतो, तोंडात पाणी जातं, हात आखडतो. होडीवरून पाहणाऱ्याला वाटतं, दमला. दमलेला नसतो, दुखत असतं. काखेतही तेच. पूर्ण वाढलेले केस मऊ असतात, ते एवढे घासत नाहीत. नुकतीच साफ केलेली काखही घासत नाही. सगळ्यांत वाईट अवस्था दोन-तीन दिवसांपूर्वी वस्तरा फिरवलेल्या काखेची.

म्हणून समुद्रात उतरणाऱ्या पुरुषांनी केस काढण्याचं एक पथ्य जरूर पाळावं, ते म्हणजे दाढीचं, आणि तेही आदल्या संध्याकाळी. पूर्ण वाढलेली मऊ दाढी असेल तर राहू द्या. खुंट मात्र नकोत. सकाळी निघण्याच्या धांदलीत दाढी करू नका, कारण ताज्या दाढीवर खारं पाणी असं झोंबतं की पहिला अर्धा तास त्यातच जातो. पाण्यात उतरण्याआधी खांद्याच्या पुढच्या कडेला, मानेला, काखेत, जांघेत आणि पोशाखाच्या शिवणी लागतात तिथे व्हॅसलीनचा जाड थर लावा. खाडी पोहणारे लॅनोलिन आणि व्हॅसलीन एकत्र करून वापरतात, ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. हे लावायचं काम दुसऱ्याने हातमोजा घालून करावं, नाहीतर तुमच्या बोटांचा चिकटपणा गॉगलच्या काचेला लागतो आणि मग पुढे काही दिसत नाही.

लांबच्या पोहण्यात खरी कसोटी कशाची लागते, ते आपल्याकडच्या दोघांकडे पाहून कळतं. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये जगातल्या सात खडतर सामुद्रधुन्या पोहण्याचा क्रम पूर्ण केला, असं करणारा तो पहिला आशियाई. नवी मुंबईच्या प्रभात कोळीनेही तो क्रम पुढे पुरा केला. थंडी, प्रवाह, अंधार आणि तासन्‌तास पाण्यात राहणं, हीच त्या पोहण्यातली परीक्षा. आपल्या मुलांनी त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर वर्षानुवर्षांचा थंड पाण्यातला सराव घ्यावा.

मांडव्याच्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. मुंबई महानगराचं सांडपाणी या खाड्यांत आणि या समुद्रातच येतं. शिवाय उबदार खाऱ्या आणि मचूळ पाण्यात काही जिवाणू मुळातच राहतात. ते धड कातडीतून आत शिरत नाहीत, पण वस्तऱ्याने पडलेल्या बारीक कापांतून शिरू शकतात. हे काप डोळ्यांना दिसतच नाहीत, आंघोळीच्या वेळी साबण चुरचुरला की त्यांचा पत्ता लागतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या अंगावरचे केस वस्तऱ्याने काढण्याची जुनी पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात ती करू नये असं ठामपणे सांगितलं. केस काढूच नयेत, अगदी लागलंच तर क्लिपरने कापावेत. कारण हेच, वस्तऱ्याच्या सूक्ष्म जखमा. निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात ही काळजी घेतात, तर मग बंदराच्या पाण्यात उतरणाऱ्याने किती घ्यावी!

केस काढण्याचा हा प्रश्न सायकलवाल्यांनाही पडतो. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट मांडव्याला लागली की मोटारींच्या आधी-मागे सायकलवाले उतरतात. हेल्मेट, घट्ट कपडे, आणि त्यातल्या काहींच्या पिंडऱ्या गुळगुळीत. तिथून चोंढी, थळ करत अलिबाग गाठायचं आणि परत यायचं, हे साधारण ४० किलोमीटर होतात. योगायोगाने सायकलवरच्या केसांचे प्रयोगही ४० किलोमीटरच्याच हिशोबात मांडलेले आहेत. १९८७ मध्ये चेस्टर काइल या अभियंत्याने हवेच्या बोगद्यात माप घेऊन फायदा अगदी नाममात्र, ४० किलोमीटरला सुमारे ५ सेकंद इतकाच असल्याचं सांगितलं. २०१४ मध्ये एका अमेरिकी सायकल कंपनीने आपल्या बोगद्यात सहा जणांची चाचणी घेतली आणि ४० किलोमीटरला ५० ते ८२ सेकंद वाचतात, असं जाहीर केलं. दोन आकड्यांत इतकी तफावत आहे की दोन्ही एकाच वेळी सगळ्यांना लागू पडणार नाहीत. दुसरी चाचणी सायकली विकणाऱ्यांची होती आणि ती शास्त्रीय नियतकालिकातून तपासून आलेली नव्हती, हेही लक्षात ठेवावं. माझ्या मते एकट्याने, घड्याळाविरुद्ध, ताशी ४० च्या आसपास सायकल मारणाऱ्याला थोडा फायदा होत असावा. पाचजणांच्या मागे घोळक्यात जाणाऱ्याला आणि वाटेत चहाला थांबणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याने अंगाला लागून बसणारा शर्ट घातला आणि कोपर आत घेऊन बसला तरी त्याहून जास्त मिळेल.

सायकलवाले केस काढतात त्याला आणखी दोन कारणं आहेत आणि ती मला जास्त पटतात. मांडवा-अलिबाग रस्त्यावर कडेला वाळू असते, खड्डे असतात. पडल्यावर सोलवटलेल्या पायातून खडी आणि वाळू धुऊन काढताना आणि पुढे पट्टी बदलताना केस नसले की बरं पडतं. आणि ज्यांना नियमाने तेलाचं मालीश घ्यायचं असतं, त्यांच्या पायांवर उलट्या दिशेने चोळल्यामुळे केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, त्या टळतात. टेपिंग करणाऱ्यांनाही टेप उतरवताना सोपं जातं. पण त्यासाठी ट्रिमरने केस बारीक केले तरी काम भागतं.

धावणाऱ्यांनी हा विषय सोडून द्यावा. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगात पायांवरच्या केसांनी हवेचा अडथळा वाढला असं म्हणायला आधार नाही. छातीच्या टोकांना आणि मांड्यांना व्हॅसलीन लावणं त्यांच्या जास्त कामाचं.

रायगडात मात्र एका खेळाविषयी थांबून बोलायलाच हवं. हा कबड्डीचा जिल्हा. अलिबाग, पेण, रोहा, गावोगावी संघ आहेत आणि हिवाळ्यात रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामने रंगतात. काही मुलं हल्ली मांड्या-पिंडऱ्या साफ करून उतरतात, पकडीतून निसटायला सोपं जाईल म्हणून. अंगाला तेल किंवा असं काही निसरडं लावणं कबड्डीच्या नियमांत बसतच नाही. केस काढणं नियमाबाहेर नाही, पण त्याने पकड सुटते याला पुरावा नाही. घामेजलेल्या पायावर पकड मनगटाच्या आणि खांद्याच्या जोरावर लागते. उलट धोका खरा आहे. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूची लागण पसरली. तिचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अंगावरचे केस काढणाऱ्या खेळाडूंना ही लागण अधिक झाल्याचं त्यात दिसलं. मैदानावर खरचटणं आणि त्यात वस्तऱ्याचे काप, असं ते जुळून आलं होतं. कबड्डीत आणि कुस्तीत कातडी कातडीला घासते, मॅट सगळ्यांची एकच असते. एकाला केसतोड झाली की आठवड्यात चौघांना गळवं येतात. या मुलांना माझं सांगणं आहे की केस राहू द्या. नखं कापा, सामन्यानंतर लगेच साबणाने आंघोळ करा, टॉवेल स्वतःचा वापरा. आणि कुठल्याही कारणाने, स्पर्धेच्या मुक्कामी असलात तरीही, एक रेझर दोघांत वापरू नका. रेझरच्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारं रक्त राहतं आणि कावीळ ब व क त्यातून पसरू शकते. व्यवस्थापकांनी निघतानाच हे प्रत्येक मुलाच्या कानावर घालावं.

हे सगळं वाचूनही तलावातल्या मुख्य शर्यतीसाठी केस काढायचे ठरवलेच, तर ते नीट काढा. पहिला प्रयोग मोठ्या स्पर्धेला करू नका. महिनाभर आधी, सरावाच्या दिवसांत एकदा करून बघा, म्हणजे आपल्या कातडीला काय सोसतं ते कळेल. शर्यत रविवारी असेल तर केस शनिवारी सकाळी काढा, म्हणजे बारीक काप मिटायला चोवीस तास मिळतील. लांब केस आधी ट्रिमरने अगदी बारीक करून घ्या, नाहीतर दाट केसांत रेझर अडकतो आणि जोर लावला जातो. मग कोमट पाण्याची आंघोळ, जेणेकरून केस मऊ होतील. पातं नवं हवं. फेस भरपूर लावा, केस वाढतात त्या दिशेनेच रेझर फिरवा, एका जागी दोनदापेक्षा जास्त फिरवू नका. घोट्याचं हाड, नडगी आणि गुडघ्याची वाटी ही कापायची हुकमी ठिकाणं, तिथे कातडी ताणून सावकाश जा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती विश्वासातल्या माणसाकडून करून घ्या. शेवटी गार पाणी घ्या, टॉवेलने टिपा, चोळू नका. साधं, वासाचं काही न मिसळलेलं मॉइश्चरायझर लावा. तळहात आणि तळपाय यांना मात्र ते लागू देऊ नका, सुरुवातीच्या ठोकळ्यावर पाय घसरतो.

वॅक्सिंग करायचं असेल तर ते आठवडाभर आधी. मुळापासून केस ओढले जातात तेव्हा दोन-तीन दिवस लाली आणि पुटकुळ्या राहतात, आणि कुरळे केस असलेल्यांच्या कातडीत केस आतच वळून गाठी येतात. केस काढायची क्रीम वापरणार असाल तर कोपराच्या आत थोडी लावून एक दिवस थांबा. काहींना त्याने भाजल्यासारखी आग होते. नाजूक जागी क्रीम अजिबात नको. मधुमेह असलेल्यांनी, इसब किंवा सोरायसिस असलेल्यांनी आणि ज्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आईवडिलांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर जी लव असते ती काढून काही मिळत नाही, तेव्हा त्याच्या हातात रेझर देऊ नका. वयात येणाऱ्या मुलीने पोहण्यासाठी हातपाय साफ करायचं म्हटलं तर रागावू नका, आणि तिच्या मनात नसेल तर कुणी बरोबरची करते म्हणून तिला लावूही नका. तलावावर पोहण्याचा पोशाख घालून उभं राहणं या वयात सोपं नसतं. केसांवरून कुणी बोललं म्हणून पोहणं सोडलेल्या मुली आहेत, आणि ते नुकसान कुठल्याही सेकंदात मोजता येत नाही. प्रशिक्षकांनी यावर पोरींसमोर शेरे मारू नयेत, एवढं तरी आपण सगळ्यांनी पाळू या. ‘एकदा वस्तरा लावला की केस राठ आणि दाट येतात’ ही घराघरांतली भीती मात्र निराधार आहे. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी मोजून दाखवलं होतं की दाढीने केसांची जाडीही वाढत नाही आणि वाढीचा वेगही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला टोचतो, इतकंच.

मांडव्याला सरावाला येणाऱ्यांनी अंगावर ताजी जखम, फुटलेली पुटकुळी किंवा वस्तऱ्याचा काप असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर इथे उतरूच नका. जून ते ऑगस्ट गेटवेच्या प्रवासी बोटीही बंद असतात, ते उगीच नव्हे. खडकांवर आणि जेट्टीच्या खांबांना कालवं लागलेली असतात, त्यांनी पाय कापला तर जागच्या जागी सराव थांबवा. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आणि साबणाने आंघोळ करा, ओला पोशाख अंगावर वाळवू नका. जेलीफिशचा डंख बसला तर त्या जागी चोळू नका आणि गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्या पाण्यानेच धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालय गाठा.

आणि समुद्रातून आल्यावर एक-दोन दिवसांत एखादा काप लाल होऊन पसरू लागला, सूज चढली, ताप आला, कातडीवर पाण्याचे किंवा काळसर फोड दिसले, तर हळद लावून वाट पाहू नका. वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त असतील तर रात्रसुद्धा काढू नका. असा संसर्ग काही तासांत वाढतो. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी समुद्रात पोहून आलो आहे आणि त्याआधी अंगावरचे केस काढले होते. योग्य औषध निवडायला त्यांना त्या एका माहितीची फार मदत होते.